मराठी माध्यमातून आलेय, पहिल्या वर्षाला फ्रेंच जमेल का?

प्रश्न असा आलाय: ‘मॅडम, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसी (अकरावी-बारावी) इंग्रजीतून. आता बेळगावात डिग्रीच्या पहिल्या वर्षाला भाषा म्हणून फ्रेंच घेतलंय. वर्गातल्या निम्म्या मुलांना शाळेत फ्रेंच होतं. सर इंग्रजीतून शिकवतात. मी वाक्य आधी मराठीत जुळवते, मग इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. पहिल्या इंटर्नलला २० पैकी ६ मिळाले. सोडून देऊ का? आणि फ्रेंचची ती डेल्फची परीक्षा कधी द्यावी?’

सोडू नकोस. निदान दुसरी सेमिस्टर संपेपर्यंत तरी नाही. तुझ्या सहा मार्कांचं कारण तुझ्या प्रश्नातच आहे, आणि ते मराठी माध्यम नव्हे. मराठी आणि फ्रेंचच्या मधे तू इंग्रजीचा थांबा घेतेस, तिथं गाडी अडते. खानापूरहून बेळगावला यायला कुणी धारवाडला वळसा घालतं का?

सरांचा यात दोष नाही. वर्गात मराठी, कन्नड, कोकणी, उर्दू बोलणारी पोरं शेजारी शेजारी बसलेली असतात, त्यांना इंग्रजीतूनच शिकवावं लागतं. पण तुझ्या वहीत आणि डोक्यात इंग्रजी असायलाच हवं, असं कुणी सांगितलेलं नाही. मी बावीस वर्षं इथं टिळकवाडीत फ्रेंच शिकवतेय आणि मराठी माध्यमाच्या मुलांना एवढी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते.

माझीच फजिती आधी सांगते. पहिल्या तोंडी परीक्षेत वय विचारलं. मी इंग्रजीवरून बेतून ऐटीत म्हटलं, ‘झ स्वी व्हँतां.’ म्हणजे ‘मी वीस वर्षं आहे’. परीक्षक बाई हसू दाबत म्हणाल्या, तू वर्षं आहेस की मुलगी आहेस? फ्रेंचमध्ये वय ‘असतं’, आपण वय ‘नसतो’. बरोबर वाक्य ‘झे व्हँतां’. आता मराठीत बघ. मला ताप आहे, ‘झे द ला फ्येव्र’. मला तीन भाऊ आहेत, ‘झे त्रवा फ्रेर’. मला भूक आहे, ‘झे फँ’. मला वेळ आहे, ‘झे ल ताँ’. इंग्रजी पोरगं भूक लागली, थंडी वाजली, वय सांगायचं झालं की ‘मी अमुक आहे’ म्हणतं आणि फ्रेंचमध्ये आपटतं. मराठी पोरगं ‘मला … आहे’ म्हणतं, आणि त्या ‘मला … आहे’च्या जागी ‘झे’ बसवलं की दहातली आठ वाक्यं बरोबर येतात. ‘झे’ ज्याचं रूप आहे त्या ‘आव्वार’ क्रियापदाचा अर्थ वहीत इंग्रजीत लिहिला असशील तर खोड. तिथं लिही: ‘मला … आहे’.

असंच सर्वनामांचं. ‘मी तुला ते देते’ हे फ्रेंचमध्ये ‘झ त ल दोन’. शब्दाला शब्द लावून बघ: झ मी, त तुला, ल ते, दोन देते. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. इंग्रजीवरून येणाऱ्यांना हा धडा डोंगराएवढा वाटतो, कारण त्यांचं ‘तुला’ आणि ‘ते’ क्रियापदाच्या मागून येतं. (‘मी ते त्याला देते’ असं झालं की ‘झ ल ल्वी दोन’, तिथं क्रम थोडा हलतो. तो नंतर बघू.) हा धडा तुमच्याकडे बहुधा दुसऱ्या सेमिस्टरला असेल. शाळेत फ्रेंच शिकून आलेल्यांची आघाडी तिथं संपते, हे मी दर वर्षी बघते.

‘तू’ आणि ‘वू’ तर तुला शिकवायलाच नको. तू आणि तुम्ही. ‘वू’ आदरार्थी एकवचनही आणि अनेकवचनही, हुबेहूब ‘तुम्ही’सारखं. फक्त एवढं लक्षात ठेव, आपल्याकडे बऱ्याच घरांत आईला ‘अगं’ आणि वडिलांना ‘अहो’ असतं, फ्रेंच घरात आईवडील दोघांनाही ‘तू’. सरांना मात्र ‘वू’च. आणि ‘ओं’ नावाचं एक सर्वनाम आहे. पुस्तकात त्याचे तीन तीन अर्थ दिलेले असतात. तू सरळ ‘आपण’ लिही. ‘आपण जाऊया’मधलं आपण आणि ‘असं आपण म्हणत नाही’मधलं आपण, दोन्ही त्यात आले.

आता भूतकाळ. पहिल्या वर्षाला सगळ्यात जास्त मार्क इथं जातात, म्हणून जरा थांबून सांगते.

फ्रेंचचा रोजच्या बोलण्यातला भूतकाळ, पासे कोंपोझे, दोन सहायक क्रियापदांनी बनतो. बहुतेक क्रियापदांना ‘आव्वार’ लागतं, थोड्यांना ‘एत्र’, म्हणजे ‘असणे’. ‘एत्र’वाली कोणती, हे पाठ करायला वर्गात एक इंग्रजी आद्याक्षरांचा मंत्र देतात. मला तो कधीच लक्षात राहिला नाही. मी असं सांगते: बसचा प्रवास आठव. निघणे, जाणे, येणे, पोचणे, चढणे, उतरणे, पडणे, थांबून राहणे, आणि आयुष्याच्या प्रवासातले जन्मणे, मरणे. झाली जवळजवळ सगळी. धावणे, हसणे, झोपणे यांना मराठी कर्तरी प्रयोग असला तरी फ्रेंचमध्ये ‘आव्वार’च लागतं, तिथं फसू नकोस. ‘एत्र’ आलं की क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं: तो मेला, ‘ईल ए मॉर’. ती मेली, ‘एल ए मॉर्त’. तो गेला, ती गेली, ते गेले हे तुला कुणी शिकवलं होतं का? मात्र ‘गेला’ आणि ‘गेली’ फ्रेंचमध्ये ऐकायला सारखेच येतात, फरक फक्त लिहिताना दिसतो. ‘मी गेले’ असं मुलगी लिहिते तेव्हा शेवटी एक जास्तीचा मुका ‘ई’ लागतो. तो न लिहिल्यानं मुलींचे मार्क जातात. स्वतःबद्दल लिहिताना स्वतःचं लिंग विसरायचं नाही.

‘आव्वार’चा नियम मजेशीर आहे. रूप कर्त्याप्रमाणे बदलत नाही, कर्मही मागून आलं तर बदलत नाही. पण कर्म आधी आलं, तर कर्माप्रमाणे बदलतं. ‘मी चिठ्ठी लिहिली’ म्हणताना ‘एक्री’. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘ला लेत्र क झे एक्रीत’. शेवटचा ‘त’ ऐकू येतो, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि ती क्रियापदाच्या आधी आली. हा नियम सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीनं इटालियनकडे बघून रुजवला, आणि तेव्हापासून फ्रेंच पोरंही त्याच्यावर खार खाऊन आहेत.

आता आपल्याकडची बोली आठव. पुण्याचा माणूस म्हणतो ‘मी भाकरी खाल्ली’, भाकरी ती म्हणून खाल्ली. बेळगावचा मुलगा म्हणतो ‘मी भाकरी खाल्लो’. कन्नडच्या शेजारानं आपल्या तोंडी हा कर्मणी प्रयोग गेला, आणि पुण्यात शिकायला गेलेल्या प्रत्येकाला यावरून हसून घ्यावं लागलंय. पण तोच मुलगा ‘मी खाल्लेला भाकरी’ म्हणतो का? कधीच नाही. ‘मी खाल्लेली भाकरी’च म्हणतो. म्हणजे कर्म नुसतं कर्म असताना क्रियापद त्याला जुमानत नाही, आणि तेच मुख्य नाम होऊन बसलं की निमूट त्याचं ऐकतं. कर्त्याचा आणि शब्दक्रमाचा तेवढा भाग वगळला, तर फ्रेंचचं जवळपास हेच आहे. ज्या बोलीला अशुद्ध म्हणतात, ती या नियमाला प्रमाण मराठीपेक्षाही जवळची आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात.

दोन छोट्या गोष्टी जाता जाता. ‘मी आत्ताच जेवून आले’ या ‘आले’सारखंच फ्रेंचही ‘येणे’ वापरतं: ‘झ व्हियँ द माँझे’. आणि ‘मी रोज जायचे’ यातलं ‘जायचे’ म्हणजे अँपार्फे, फ्रेंचचा दुसरा भूतकाळ. ‘गेले’ म्हणजे पासे कोंपोझे. कुठला काळ लावू असा प्रश्न पडला, तर मराठीत ‘जायचे / जात होते’ बसतं की ‘गेले’ बसतं ते बघ. इंग्रजीला विचारू नकोस, तिला दोन्हीकडे एकच रूप चालतं.

मराठी जिथं दगा देते तेही सांगते, नाहीतर तू घरी जाऊन सगळं मराठीवरून बेतशील. सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे उपपदं. मराठीत ती नाहीतच. ‘चहा’ म्हणजे चहा. फ्रेंचमध्ये नुसता चहा मिळत नाही. कँटीनमध्ये उभी आहेस असं समज. ‘चहा आवडतो’ म्हणालीस तर तो चहा नावाचा सगळाच पदार्थ, म्हणून ‘ल ते’. ‘चहा घेते’ म्हणालीस तर त्यातला थोडा, म्हणून ‘द्यू ते’. ‘एक चहा दे’ म्हणालीस तर मोजलेला कप, म्हणून ‘अं ते’. ‘चहा घेत नाही’ म्हणालीस की सगळी उपपदं गळून ‘पा द ते’. मराठीत चारही ठिकाणी चहा तोच, म्हणून आपल्या मुलांच्या पेपरात लाल शाई सगळ्यात जास्त इथंच दिसते. ही चार वाक्यं पाठ कर आणि चहाच्या जागी पाणी, भात, दूध, मीठ घालत जा. नियमाचं पान नंतर वाच.

लिंगाचं निम्मं फायद्याचं, निम्मं धोक्याचं. कन्नड बोलणारी तुझी मैत्रीण विचारेल, खुर्चीला लिंग कशाला? तिच्या भाषेत माणसं आणि देव सोडून बाकी सगळं नपुंसक. तुला तो धक्का बसणार नाही, कारण तुझी खुर्ची जन्मापासून ‘ती’ आहे, आणि फ्रेंच ‘शेझ’ही ‘ती’. पण चंद्र आपल्याकडे तो, तिकडे ‘ला ल्यून’ ती. टेबल आपल्याकडे ते, तिकडे ‘ला ताब्ल’ ती. आपल्या नपुंसकलिंगाचं काय करायचं, हा तर प्रश्नच आहे. म्हणून मराठीचा अंदाज घ्यायचा नाही, सवय तेवढी घ्यायची: बस आपल्याकडे आली तशी आपण तिला ‘ती बस’ म्हटलं, ट्रकला ‘तो ट्रक’. कुणी यादी दिली नव्हती, शब्दाच्या शेवटाकडे आणि भावंडांकडे बघून ठरलं. फ्रेंचमध्येही शेवट बोलतो. ‘स्यों’नं संपणारे जवळजवळ सगळे स्त्रीलिंगी. ‘माँ’नं संपणारी ‘गुव्हेर्नमाँ’सारखी नामं बहुतेक पुल्लिंगी. ‘गाराझ’, ‘व्हवायाझ’ पुल्लिंगी, पण ‘प्लाझ’ आणि ‘इमाझ’ स्त्रीलिंगी. वहीत नुसतं नाम लिहायचं नाही, ‘ल’ किंवा ‘ला’ला बांधूनच लिहायचं.

उच्चारांत तू इंग्रजी माध्यमवाल्यांच्या पुढे आहेस, हे तुला माहीत नसेल. आपण सगळे इंग्रजी ‘टेबल’ मूर्धन्य ‘ट’नं म्हणतो आणि तोच ‘ट’ फ्रेंचमध्ये घेऊन जातो. फ्रेंचचा त आपल्या ‘ताट’मधला पहिला त आहे, द ‘दार’मधला. ट आणि ड विसर, लगेच अर्धी फ्रेंच वाटशील. इंग्रज माणसाच्या प-त-क मधून हवेचा भपकारा येतो, आपला येत नाही, फ्रेंच माणसाचाही येत नाही. नाकातले स्वर कोकणी मैत्रिणीकडून ऐकून घे, तिच्या भाषेत ते अजून जिवंत आहेत. ‘र’ घशातून येतो, ‘ग़ज़ल’मधल्या ग़च्या जवळ, गुळण्या करताना जागा सापडते. नाही सापडली तर आपला र चालव, समजतो. वेळ घालवायचाच असेल तर तो ‘यू’वर घालव: ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू कर. हा स्वर चुकला तर ‘वर’चं ‘खाली’ होतं, अक्षरशः, कारण ते दोन शब्द फ्रेंचमध्ये तेवढ्या एका स्वरानं वेगळे आहेत.

इथं मी सगळं देवनागरीत लिहिलंय, ही माझी लबाडी समज. तू पुस्तकाच्या समासात तसं लिहू नकोस. पहिले पंधरा दिवस पेन्सिलीनं चालेल, मग खोडरबर. देवनागरीत तो ‘यू’ नाही, मुका ‘अ’ही नीट पकडता येत नाही, आणि तू वर्षभर फ्रेंच न वाचता स्वतःचं देवनागरी वाचत बसशील.

आकड्यांना सगळे घाबरतात. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, त्र्याण्णव म्हणजे चार-वीस-तेरा, ‘कात्र-व्हँ-त्रेझ’. माझी आजी गोवऱ्या विसांनी मोजायची, ‘चार इसा अन् तेरा’. घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांच्याकडून मोजून घे, एका संध्याकाळी धडा होईल. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला आणि नव्वदला साधे वेगळे शब्द आहेत, पण परीक्षेत फ्रान्सचेच लिहायचे.

बेल्जियमवरून आठवलं. संस्कृतीच्या पेपरात आयफेल टॉवर, चीज आणि फॅशन लिहून मुलं मोकळी होतात. तुला निबंधाला विषय हवा असेल तर बेल्जियमची भाषासीमा घे. १९६२-६३ मध्ये त्यांनी फ्रेंच आणि डच मुलुखांमधली रेषा कायद्यानं आखली. फूरों नावाचा गावांचा एक गट फ्रेंच भाषिक लिएज प्रांतातून काढून डच भाषिक लिंबुर्गला जोडला, आणि पुढची कित्येक वर्षं तिथं मोर्चे, मारामाऱ्या आणि राजीनामे चालले. १९८७ मध्ये तर त्या वादात देशाचं सरकार पडलं. ब्रसेल्सभोवतीच्या सहा गावांत फ्रेंच बोलणाऱ्यांना सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळण्याची खास सोय आहे, आणि ती राहावी की जावी यावर अजून भांडण आहे. लुव्हँच्या जुन्या विद्यापीठाची १९६८ मध्ये भाषेवरून फाळणी ठरली, फ्रेंच अर्ध्यासाठी नवं गाव वसवावं लागलं. १ नोव्हेंबर १९५६ नंतर, म्हणजे बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्यावर, जन्मलेल्या बेळगावकराला यातला कुठला शब्द समजावून सांगावा लागेल? पुण्यामुंबईच्या विद्यार्थ्याला हा निबंध पुस्तकातून लिहावा लागेल, तुला घरातल्या गप्पांवरून सुचेल. फक्त बाजू घेऊन लिहू नकोस, दोन्हीकडचं मांड, परीक्षक तेच बघतात.

इंग्रजी अगदीच टाकाऊ नाही. वाचताना अनोळखी शब्दांपैकी खूपसे इंग्रजीवरून ओळखता येतात, तिथं वापर. पण सारखे दिसणारे शब्द तपासून घे. ‘लिब्रेरी’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, गणपत गल्लीत असतं तसं. सार्वजनिक वाचनालय म्हणायचं असेल तर ‘बिब्लियोतेक’. आणि डिग्रीच्या पहिल्या वर्षातली प्रत्येक मुलगी स्वतःची ओळख करून देताना ‘मी कोलेझमध्ये शिकते’ लिहिते. फ्रान्समध्ये कोलेझ म्हणजे सहावी ते नववीची शाळा. अठरा वर्षांची मुलगी तिथं काय करते, असं वाचणाऱ्याला वाटतं. तू ‘युनिव्हेर्सिते’ लिही.

अभ्यासाचं वेळापत्रक मी देत नाही, तू बसनं किती वेळ येतेस-जातेस ते तुला माहीत. फक्त तो वेळ कानाला दे. आरएफआय या फ्रेंच रेडिओची सोप्या फ्रेंचमधली दहा मिनिटांची बातमीपत्रं फुकट मिळतात, टीव्ही५मोंदच्या संकेतस्थळावर पहिल्या पातळीचे व्हिडिओ सरावासकट आहेत. पहिले दोन महिने काही कळणार नाही. ऐकत राहा, शब्द कुठं तुटतात एवढंच पकड. लिहिलेलं वाचता येतं पण ऐकलेलं कळत नाही ही आपल्याकडच्या सगळ्यांची रड आहे, कारण फ्रेंच शब्द एकमेकांना चिकटतात: ‘वू’ आणि ‘आव्हे’ मिळून ‘वूझाव्हे’. आपणही ‘कोण आहे’चं ‘कोणाय’ करतोच की. गृहपाठ भाषांतराच्या ॲपवर करू नकोस. सरांना पहिल्या ओळीत कळतं, आणि इंटर्नलला ॲप शेजारी नसतं.

वर्गात बोलायची लाज वाटत असेल, तर वर्गाबाहेर बोल. माझ्याकडच्या दोन मुली बाजारातून फिरताना दिसेल त्याचं नाव ‘ल’-‘ला’ लावून म्हणायच्या, चुकलं की दुसरीनं एक चिमटा काढायचा. वर्षअखेर दोघींचे दंड हिरवेनिळे झाले होते, पण लिंग चुकत नव्हतं.

डेल्फबद्दल. सेमिस्टरच्या मार्कांशी तिचा संबंध नाही, ती फ्रेंच शिक्षण मंत्रालयाची पदविका आहे आणि एकदा मिळाली की आयुष्यभर चालते. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे, प्रत्येकी २५ गुण. १०० पैकी ५० ला पास, पण कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी पडले तर नापास. विद्यापीठाचा पेपर व्याकरणावर काढता येतो, डेल्फ काढता येत नाही, म्हणून वर ऐकण्याचा एवढा हट्ट केला. पहिल्या वर्षाच्या शेवटी ए१, म्हणजे सगळ्यात पहिली पातळी, देता येते, पण माझं मत विचारशील तर ती सोड आणि दुसऱ्या वर्षात थेट ए२ दे. आधीची पातळी दिलेली असावीच असं बंधन नाही. फी काही कमी नसते, आणि बंगळूरच्या किंवा पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत जायचं तर प्रवास, मुक्काम वेगळा. नोकरीसाठी विचारत असशील तर ए१, ए२ला कुणी दारात उभं करत नाही, ए२च्या दोन पायऱ्या वर असलेल्या बी२पासून बोलणी सुरू होतात, आणि तिथं पोचायला डिग्रीची सगळी वर्षं लागतील. पुढं एमए करायचं मनात असेल तर गोवा विद्यापीठ आपल्याला जवळ पडतं, चोर्ल्याचा घाट उतरलीस की आलंच.

राहिला दुसऱ्या इंटर्नलचा प्रश्न. पहिल्या पेपरातली प्रत्येक चूक वहीत उतरव आणि शेजारी लिही: ही इंग्रजीमुळे झाली, मराठीमुळे झाली, की नुसती घाईत झाली. आणि ती वही घेऊन एकदा सरांना भेट. ‘वू’ म्हणून.